सुखीबाईच्या चुड्यावर टांगलेली तार

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे, पण मला साधीसुधी समजू नका. अस्सल तांब्याच्या सात बारीक तारांची वेणी घालून मला घडवलंय. कारखान्यात मला इतकं ओढलं, इतकं ताणलं की दुसरी एखादी तुटून गेली असती. मी तुटले नाही, लांब झाले. पुढे १९५७ साली यवतमाळच्या एका दुकानात मी वेटोळं घालून खिळ्याला टांगलेली होते. तिथून नरहरपंतांनी मला चाळीस फूट मापून घेतलं आणि दुकानदाराला बजावलं, "मधे जोड नको हं. जोड आला की आवाज तिथेच अडतो." या माणसाशी आपलं जमणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

नरहरपंत हिवतापाच्या खात्यात होते. गावोगाव जाऊन घराघरांत डासांचं औषध फवारायचं हे त्यांचं काम. त्यासाठी सरकारी ट्रक होता आणि ट्रकच्या पाठीवर टिनाची एक खोलीच बांधलेली होती. तिच्यात दोन फळ्यांचे पलंग, एक स्टोव्ह, फवारणीचे पंप आणि औषधाचा असा वास की माशीसुद्धा दार ओलांडत नसे. पंधरा-पंधरा दिवस पंत आणि ड्रायव्हर हिरासिंग याच खोलीत राहत. संध्याकाळी सोबतीला काहीतरी हवं म्हणून पंतांनी घरचा बॅटरीवरचा रेडिओ आणला होता. पण तो नुसता खाकरायचा. बिचाऱ्याचा काय दोष? चारी बाजूंनी टिन! टिनाला एकच विद्या येते, बाहेरचं बाहेर ठेवण्याची. पाऊस बाहेर ठेवतं, तसं गाणंही बाहेरच ठेवतं.

म्हणून बाहेर एरियल म्हणून टांगायला मला आणलं. ट्रकच्या टपावर दोन टोकांना दोन बांबू उभे केले. बांबूला दोरी, दोरीला चिनी मातीची अंड्याएवढी गुंडी आणि त्या गुंडीला मी, अशी माझी मांडणी झाली. माझं एक टोक रबरी नळीतून, टिनाला अंग न लावता, खिडकीतून आत रेडिओकडे गेलं. दुसरी एक तार जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंटीला बांधली. तिच्या बुडाशी हिरासिंग रोज तांब्याभर पाणी ओतायचा, कारण माती ओली असली की खरखर कमी होते. गंमत म्हणजे तुळशीला पाणी घालावं तितक्या निष्ठेने तो ते घालत असे. पहिल्या दिवशी नागपूर लागलं ते इतकं स्वच्छ, की पंतांनी हातातली पोळी ताटात ठेवली. मी मनात म्हटलं, जेवा हो, मी कुठे जात नाही.

हिरासिंग बंजारा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडायचे. पुढे ते लोक तांडे वसवून शेती करू लागले, पण बांधाबांध त्यांच्या हाडात मुरलेली. "जे लोंबते ते वाटेत पडते," असं हिरासिंग म्हणायचा. त्याने बांधलेली गाठ सोडायला त्यालाच बोलवावं लागे. निघताना मला गुंडाळायचा तोही असा, की एक वेढा दुसऱ्यावर चढत नसे. मला त्याचा हात आवडायचा. पण याच गुणाने एकदा घात होता होता राहिला, ते सांगते.

१९५८ चा श्रावण होता. हिरासिंगला नागपूरहून कार्ड आलं, धाकट्या बहिणीचं, बिजलीबाईचं. ती दोन वर्षांपूर्वी नर्सचं शिक्षण घ्यायला नागपूरला गेली होती. आई सुखीबाईने तिच्यासाठी चांगलं स्थळ पाहिलं होतं. पोरीने नाही म्हटलं आणि गाठोडं उचललं. त्यांच्यात लेक घर सोडते तेव्हा आईच्या गळ्यात पडून रडत गाते. त्या गाण्याला ढावलो म्हणतात. आईही तिला कवटाळून तोच सूर धरते. बिजलीबाई निघाली तेव्हा सुखीबाई पाठ फिरवून चुलीपाशी बसून राहिली. ढावलो झालाच नाही. तेव्हापासून मायलेकींचा एक शब्द नव्हता. कार्डात एवढंच होतं: "मंगळवारी साडेसहाला नागपूर रेडिओच्या लोकगीतांत मी गाणार. याडीला ऐकव." याडी म्हणजे आई.

रेडिओवरचं गाणं तेव्हा एकदाच यायचं. चुकलं की चुकलं.

नरहरपंत नियमाचे पक्के. फवारणीचं पत्रक एकदा टाइप झालं की त्यातला काना-मात्रा बदलू देत नसत. त्यांनी ते कार्ड दोनदा वाचलं, पेन उघडलं आणि मंगळवारचं गाव खोडून तिथे घाटंजीजवळचा हिरासिंगचा तांडा लिहिला. वर म्हणाले, "डासांना काय, मंगळवार न् गुरुवार सारखाच."

तांड्याच्या वाटेवर एका खड्ड्यात ट्रक आदळला आणि चिनी मातीच्या दोन्ही गुंड्यांचा चुरा झाला. पंत घराघरांतून फवारणी करवून घेत होते, तेवढ्यात हिरासिंगने एकट्यानेच मला चढवायला घेतलं. आज त्याला जरासुद्धा कसर ठेवायची नव्हती. त्याने मला टपाच्या टिनावरून घट्ट ओढलं, कडीतून घेतलं, तीन वेढे दिले आणि वाडवडिलांची गाठ मारली. चार पावलं मागे जाऊन पाहिलं, स्वतःवरच खूश झाला. मी ओरडत होते, अरे बाबा, मला टिनाला भिडवू नको! पण तारेचं कोण ऐकतं?

सव्वासहाला सुखीबाई आली. खोलीत चढली नाही, दाराशी खाली जमिनीवर बसली. बाया जमल्या. पंतांनी बटण फिरवलं आणि रेडिओतून फक्त घरघर आली. त्यांनी बाहेर येऊन टपाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"हिरासिंग, तार टिनाला बांधलीत? आलेला सगळा आवाज टिनातच जिरतो आहे!"

"साहेब, म्या तं पक्की बांधली..."

"पक्की बांधली हेच चुकलं. तिला मोकळी टांगायला हवी."

हिरासिंगचा चेहरा पडला. त्याने धावत गाठ सोडली, मला बांबूंवर चढवलं. पण दुपारपर्यंत पावसाची झड लागलेली. बांबू ओले, दोरी ओली. आवाज आला तो मुंगीच्या पावलाएवढा. पंत म्हणाले, "दोरी आणि तार यांच्या मधे काहीतरी कोरडं हवं. चिनी माती, काच, नाहीतर हाड. धातू चालणार नाही." तांड्यात भांडी होती ती सारी पितळेची. साडेसहाला दहा मिनिटं उरली होती.

सुखीबाई उठली, घरात गेली आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आली. हाडाच्या दोन रुंद, पांढऱ्या बांगड्या होत्या. नवरा असताना दंडावर चढवलेला चुडा. नवरा, धनसिंग, वारला त्या दिवशी तिने तो उतरवला होता. चार वर्षांत कुणी त्याला हात लावला नव्हता. मायलेक आपसात बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलत. मी तुम्हाला वऱ्हाडीत सांगते.

"याडी, हे कायले काढलं?" हिरासिंग दचकला. बायांपैकी एक म्हणाली, उतरवलेला चुडा पुन्हा बाहेर काढत नसतात.

"माह्या हाताले मना हाये," सुखीबाई म्हणाली. "तारेले मना हाये काय? बांध लवकर."

हिरासिंगची गाठ या वेळी बरोबर पडली. एका बाजूने बांगडीत दोरी, दुसऱ्या बाजूने मी. मित्रांनो, ते हाड कोरडं होतं आणि थंड होतं. टिनापासून, ओल्या दोरीपासून मी सुटले आणि सगळं आकाश एकदम माझ्या अंगावर आलं. खुंटीला तांब्याभर पाणी पडलं. आतून निवेदिकेचा आवाज आला, शेजारच्या घरातून यावा तसा, आणि तिने बिजलीबाईचं नाव घेतलं.

बिजलीबाईने सणाचं गाणं म्हटलं नाही, नाचाचंही नाही. तिने ढावलो म्हटला. जो आईच्या गळ्यात पडून म्हणायचा राहिला होता, तोच, रडत रडत, नागपूरच्या रेडिओच्या खोलीत एकटीने उभं राहून. मी तो सूर न सूर आत पोचवला. एकही थेंब सांडू दिला नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

गाणं संपलं. सुखीबाई उठून बांबूपाशी आली, वर माझ्याकडे पाहिलं आणि तिने उत्तराचा सूर धरला. हिरासिंग हळूच म्हणाला, "याडी, इथून जात नाही वं. येतेच फक्त."

"मले माहीत हाये," ती म्हणाली आणि पुढचं कडवं म्हणू लागली.

मित्रांनो, आयुष्यात मला एकदाच लाज वाटली, ती तेव्हा. चाळीस फूट अस्सल तांबं, आणि त्या बाईचा एक शब्द मला नागपूरला नेता येईना. गाणं झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि पंतांना म्हणाली, "साहेब, कार्ड हाये काय तुमच्यापाशी? लिवा. म्हणा, दिवाळीले ये."

पुढे सहा वर्षं मी त्याच चुड्यावर टांगून काम केलं. पंतांच्या कचेरीतले लोक खास ट्रक पाहायला येत. मग ट्रान्झिस्टर आला, आपली एरियल पोटातच घेऊन. ट्रक भंगारात गेला. हिरासिंगने मला घरी आणलं. आता माझ्यावर कपडे वाळतात. मला त्याची खंत नाही असं म्हणणार नाही, पण जोड अजून एकही पडलेला नाही. तुमच्या घरात अशी एखादी जुनी तार असेल तर तिला गंजू देऊ नका, ओढून तोडू नका. तिने काय काय वाहिलंय ते तुम्हाला ठाऊक नसतं.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या दिवाळीला बिजलीबाई आली. अंगणात उभी राहिली, पुढे यावं की नाही तिला कळेना. सुखीबाईने तिची पिशवी घेतली नाही, कशी आहेस विचारलं नाही. तिला ओढून गळ्याशी धरलं आणि म्हणाली, "त्या दिवशी म्या जबाब देल्ला होता. तुले ऐकू नाही आला. आता ऐक."