पाडव्याची बोहनी

नेमिनाथानं शटर खाली ओढलं, पुन्हा वर ढकललं. सकाळपासून त्याचा हाच चाळा चालला होता. शटर नवंकोरं, तेल पिऊन बसलेलं. एका हातानं वर जाई आणि त्याचा घरघराट पेठेच्या टोकापर्यंत ऐकू येई. त्यालाही तो पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटत होता, आता खोटं कशाला सांगा. दिवाळीच्या पाडव्याचा मुहूर्त, वर झेंडूचं तोरण, आत काचेची कपाटं आणि दिवसाढवळ्या लावलेल्या ट्यूबलाइटी. दोन्ही अंगांना ओळीनं गाळे. सांगलीच्या भर पेठेतला कोपरा, आणि सगळी इमारत त्याच्या एकट्याच्या नावावर.

"मालक, भायेर कुणी बाई हायत," भाऊसो म्हणाला. हा नवा सेल्समन, इस्लामपूरहून आणलेला, तोंडाचा गोड. "कवाधरनं हुब्या हायत. आत या म्हटलं तरी येईनात."

नेमिनाथानं मान वळवली. बाहेर त्याची थोरली बहीण उभी होती, चंदनबाला. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातानं डोईवरचा पदर धरलेला, नजर खाली. चपला तिनं रस्त्यावरच काढून ठेवल्या होत्या.

त्या चपला बघितल्या आणि त्याच्या ध्यानात आलं. आक्का पाण्याची वाट बघत होती.

कवठे महांकाळला दिल्यापासून दर पाडव्याला ती सकाळच्या एसटीनं यायची आणि भाऊबीज करून जायची. तेव्हा इथं त्यांचं जुनं घर होतं, पुढं कापडाचं दुकान, मागं राहणं, आणि यायला-जायला दार एकच. चांगला वीतभर उंच उंबरा. आक्का चपला काढून उंबऱ्याबाहेर थांबायची. आई तांब्या घेऊन यायची, पायावर पाणी घालायची, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायची. मगच आक्काचा उजवा पाय आत. आईच्या माघारी नेमिनाथाच्या बायकोनं, प्रभावतीनं, ते कधी चुकवलं नाही. दुकानात गिऱ्हाईक कितीही असो, आक्का ताटकळत उभी राहायची आणि वर हसून म्हणायची, "दार एकच की गं बाई. पाणी घातल्याबिगर लेक कुठली आन् गिऱ्हाईक कुठलं, कळायचं कसं?"

गेल्या दिवाळीनंतर लालासाहेब कंत्राटदार दुकानात येऊन बसला आणि या सगळ्याला सुरुवात झाली. "शेठ, आवं, लोक पेठेत टिचभर जागेसाठी जीव टाकाय लागल्यात, आन् तुमी असल्या कोपऱ्यावर चूल मांडून बसलाय. पाडा हे. गाळे काढा. तुमी विश्रामबागेला बंगल्यात ऱ्हावा की राजावानी." बोलणं पटण्यासारखं होतं. घोळ एकच होता. घर वडिलांचं, म्हणजे कायद्यानं आक्काचाही त्यात हिस्सा. तिची हक्कसोडीवर सही पाहिजे.

नेमिनाथ साडीचोळी घेऊन कवठ्याला गेला. काय बोलायचं, कसं बोलायचं, हे त्यानं एसटीत घोकून ठेवलं होतं. त्याची गरजच पडली नाही. आक्कानं शेंगा निवडायचं सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले.

"सही कुठं करू?"

"वाचून तरी बघ, आक्का."

"भावाचं काय वाचायचं? हिस्सा मागितला की माहेर तुटतं बाबा. मला माहेर पायजे." सही करून झाल्यावर ती म्हणाली, "माडीवर एक खोली तेवढी ठीव. पाडव्याला आले की पिशवी टेकवाय जागा."

"एक खोली व्हय? रस्त्याकडची, वाऱ्याची देतो तुला."

आणि हे तो अगदी मनापासून बोलला होता. माणूस लबाड असता तर गोष्टच मिटली असती.

मजला चढला तसा लालासाहेब पुन्हा बोलला. वर्षातले दोन दिवस माणूस राहणार आणि एरवी कुलूप, असली खोली रस्त्याकडं कोण ठेवतं? दाताचा डॉक्टर ती जागा मागत होता. आणि आक्कांना बंगल्यात खोल्यांचा काय दुष्काळ हाय? नेमिनाथानं खोली डॉक्टरला देऊन टाकली. आक्काला समक्ष भेटून सांगायचं त्यानं ठरवलं. सांगतो, सांगतो म्हणता पावसाळा गेला आणि दिवाळी येऊन ठेपली.

आता तो लगबगीनं बाहेर आला.

"आक्का, आगं ये की आत. अशी का हुबी?"

"प्रभा कुठं हाय?"

"घरी. विश्रामबागेला. दुपारनं येणार हाय ती."

"व्हय व्हय. तिकडं असणार, न्हाई का." आक्कानं पायाखाली बघितलं. उंबरा नव्हताच. रस्त्यावरून गुळगुळीत फरशी सरळ दुकानात गेली होती. गिऱ्हाईकाला पाय उचलायचासुद्धा त्रास नको, ही लालासाहेबाची युक्ती. तिनं चपला पुन्हा पायात घातल्या आणि आत आली. "पिशवी वर ठेवून येते."

"आक्का, वर..."

तोवर आक्का जिन्याशी पोचली होती. ती जिना चढली. तिची पावलं डोक्यावरून रस्त्याच्या बाजूला गेली, थांबली. नेमिनाथ गादीवरची नसलेली सुरकुती हातानं सारखी करत बसला. मग पावलं खाली आली. पिशवी हातातच होती.

"दाताचा डाक्टर आलाय व्हय," आक्का म्हणाली. "बरं झालं. लोकांची सोय झाली."

"मी तुला सांगणारच हुतो, आक्का. बंगल्यात तुझी येगळी खोली हाय. लय मोठी हाय."

"असंल की. तुझ्या कष्टाचा बंगला. मी काय न्हाई म्हणते का?" ती गादीच्या कडेला टेकली. "बोहनी झाली?"

"अजून न्हाई."

"मग माझ्या हातची घे." तिनं भाऊसोकडं बघितलं. "ती हिरवी इरकल दाखव बाबा."

भाऊसोनं लुगडं झोकात उलगडलं. आक्कानं काठ बोटांत धरून बघितला, एवढी बास म्हणाली आणि कमरेची चंची सोडून नोटा पुढं केल्या.

"आक्का, काय ह्ये? दर साली मी देतो की तुला."

"मालक, बोहनीला न्हाई म्हणू नये," भाऊसो हसत म्हणाला. "बहिणीचा हात लागतोय. सगळी पेठ दुकानात लोटंल."

नेमिनाथाचा हात पुढं झाला. गल्ल्यावर जन्म गेलेला तो हात. त्यानं नोटा घेतल्या, डोळ्यांना लावल्या, कपाळाला लावल्या आणि गल्ल्यात टाकल्या. झाकण खाडकन बसलं तेव्हा कुठं त्याला कळलं, आपण काय केलं. बोहनीचा पैसा तर परत देता येत नाही.

आक्का त्याच्याकडंच बघत होती.

"झालं," ती म्हणाली. "आता पाण्याचं मनाला लावून घेऊ नगंस, नेमा. गिऱ्हाईकाच्या पायावर कोण पाणी घालतं?"

आवाजात राग नव्हता. लहानपणी त्याची कुंची बांधताना बोलायची तसंच ती बोलली. लुगडं पिशवीत घालून ती उठली.

"आक्का, उद्या भाऊबीज हाय."

"हाय की. आमच्या शेजारची बनुबाई चंद्राला ओवाळती. भाऊ न्हाई तिला. तिच्यासंगट हुबी ऱ्हाईन." त्याच्या खांद्यावरची झेंडूची पाकळी तिनं बोटानं झटकली. "दुकान लय चांगलं झालंय. सुखानं कर."

ती गेली. नेमिनाथ एकदम उठला, पूजेतला पितळी तांब्या उचलला आणि दुकानाच्या तोंडाशी आला. आक्का पेठेच्या वळणाला लागली होती, स्टँडच्या वाटेला. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तांब्या काठोकाठ भरलेला होता, आणि तो एकदम थांबला तसं पाणी हिंदकळून त्याच्याच पायावर सांडलं.

भाऊसो धावत आला आणि त्यानं अदबीनं तांब्या मालकाच्या हातातून काढून घेतला.

"जपून, मालक. फरशी नवी हाय. गिऱ्हाईक घसरंल."