सगळ्यांची दुसरी पसंती

विषय : ड्रमकॅरन येथील मतमोजणीचा लाकडी कठडा कोरनाला शाळेच्या वळणावर कायम ठेवण्याबाबत.
संदर्भ : सदर कठड्याचा तोंडी अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून मी, म्हणजे तो कठडाच, बोलतोय. लेखी अर्ज करायला मला हात नाहीत. माझ्यावर मात्र आजवर हजारो हात टेकले, त्यामुळे बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असं मी समजतो.

माझा जन्म काउंटी परिषदेच्या, म्हणजे आमच्या जिल्हा परिषदेच्या, सामानाच्या आवारात झाला. एका पुलाच्या दुरुस्तीतून उरलेल्या फळ्यांपासून क्रिस्टी फॅलन नावाच्या सुताराने मला घडवलं. उंची किती ठेवायची हे कागदावर नव्हतं. क्रिस्टी एका फळीवर कोपर टेकून उभा राहिला, आरामशीर वाटलं तिथे खूण केली, आणि तीच माझी उंची ठरली. सरकारी कामात इतका योग्य निर्णय इतक्या झटपट झालेला मी पुन्हा पाहिला नाही.

माझं काम सोपं. क्रीडागृहात मतमोजणी असली की मधोमध उभं राहायचं. आत मोजणारे, बाहेर बघणारे. आतल्यांनी मतपत्रिका उलगडून सरळ ठेवायच्या, बाहेरच्यांनी हात न लावता मान लांबवून बघायच्या. अशी निवडणूक पाच वर्षांतून एकदाच येते. मधल्या काळात मला गुरांच्या बाजारात मेंढ्या अडवायला नेत. मेंढ्या आणि पक्ष कार्यकर्ते यांच्यात मला दोनच फरक आढळले. मेंढ्या चहा सांडत नाहीत, आणि निकाल लागल्यावर "मी आधीच म्हटलं होतं" असं म्हणत नाहीत.

माझ्यावर सर्वांत जास्त वेळ टेकलेला माणूस म्हणजे पॅकी गेराटी. प्रत्येक पक्षाचा एक अंदाजवाला असतो, तसा पॅकी त्याच्या पक्षाचा. आमच्याकडे मतदार शिक्का मारत नाही, उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे लिहितो. पेटी उघडली की अंदाजवाला कुणाला किती पहिल्या पसंत्या आहेत याच्या पेन्सिलीने रेघा ओढतो. निवडणुकीआधी महिनाभर हे लोक रस्त्यात एकमेकांकडे बघत नाहीत. मोजणीच्या दिवशी मात्र माझ्यावर खांद्याला खांदा लावून उभे राहतात, आकडे वाटून घेतात आणि एकमेकांच्या डब्यातली हॅमची सँडविचं खातात. लोकशाही म्हणतात ती मी इथेच पाहिली.

आता गेल्या जून महिन्यातली गोष्ट सांगतो, कारण माझा अर्ज तिच्यातूनच निघाला.

उना हॅनिफी ही कोरनाला गावची. तिथे ती केस कापायचं छोटं दुकान चालवते आणि गेली पाच वर्षं परिषदेची सदस्य होती. त्या दुकानात डोकं तिच्या हातात दिलेला माणूस मनातलं सगळं बोलतो, त्यामुळे कुणाच्या गटारात पाणी तुंबलंय हे तिला आधी कळतं आणि अभियंत्याला नंतर. तिचा एकच ध्यास होता. कोरनालाच्या शाळेपुढे रस्ता वळतो, तिथे पायवाट नाही. पोरं गाड्यांच्या वाऱ्याने हेलपाटत शाळेत जातात. ती पायवाट होईपर्यंत खुर्ची सोडायची नाही असं तिनं ठरवलं होतं. बाकी कुणाला त्या वळणाची पडली नव्हती, कारण ते वळण त्यांच्या दारात नव्हतं.

ती दारोदार गेली. प्रत्येक दारात चहा मिळाला आणि एकच वाक्य मिळालं: "तुझी काय काळजी, तू तर आलीसच." आमच्याकडे उमेदवाराला याहून मोठा शाप नाही, पण देणाऱ्याला तो आशीर्वाद वाटतो.

त्याच वेळी शेमी लॅव्हेल नावाचा एक लाजाळू दूधवाला शेतकरी पहिल्यांदाच उभा होता. शेमी दारात यायचा, टोपी काढायचा, काय बोलायचं ते विसरायचा आणि टोपी घालून निघून जायचा. लोकांचं काळीज विरघळलं. बिचाऱ्याची अनामत तरी वाचावी म्हणून ज्याने त्याने मनाशी ठरवलं, की पहिली पसंती शेमीला आणि दुसरी उनाला. हे प्रत्येकाने एकट्याने, गुपचूप ठरवलं. मतदानाच्या शुक्रवारी अख्ख्या गावाने तेच केलं.

शनिवारी सकाळी कोरनालाची पेटी उघडली. पॅकीने पेन्सिल ओली केली. एक मतपत्रिका, शेमी. दुसरी, शेमी. दहावी, शेमी. पॅकीने चष्मा काढून पुसला. शेवटी त्याने कागद घडी करून खिशात टाकला. त्याला असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

उना नवऱ्याबरोबर आली. मॉसी हॅनिफी हा उंच, शांत माणूस, हातात ॲपल-पायचा डबा. दोघं माझ्याजवळ थांबली.

"किती?" उनाने विचारलं.

"दुसऱ्या पसंत्या सांगू का आधी?" पॅकी म्हणाला. "त्या भरपूर आहेत."

"पॅकी, मी पहिल्या विचारतेय."

त्याने कागद उघडून दाखवला. उनाने रेघा बोटाने मोजल्या. आजूबाजूचं निम्मं कोरनाला छताकडे बघू लागलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, की मी तुला दुसरा नंबर दिला गं, मला वाटलं बाकीचे पहिला देतील. मागून पाच-सहा जण म्हणाले की त्यांनाही तसंच वाटलं. आपल्याच गावात आपल्याला कुणी मत दिलंय का, हे बघायला उना नवऱ्याकडे वळली. मॉसी हातातल्या डब्याचं झाकण घट्ट करत होता. झाकण आधीच घट्ट होतं.

"मॉसी."

"शेमीचा बाप आणि मी एकाच संघातून हर्लिंग खेळलोय," मॉसी म्हणाला. "आणि तू तर येणारच होतीस."

 उना शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. मग आजपासून जेवायलाही शेमीकडेच जा. मी दुसऱ्या पसंतीने चहा देईन."

आणि ती हसली. मग सगळे हसले, मॉसी सोडून. पण हसताना तिची बोटं माझ्या फळीवर घट्ट रुतली होती, ते मला कळत होतं. तिच्या डोळ्यांपुढे ते वळण होतं.

पहिल्या फेरीचा निकाल निवडणूक अधिकारी फिनोला टर्ली यांनी वाचला. शेमी लॅव्हेल, कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, ओलांडून विजयी. टाळ्या झाल्या, पण शेमी कुठे दिसेना. तो गाईंचं दूध काढायला घरी गेला होता. हरायला कशाला थांबायचं, असं बायकोला सांगून.

आमच्याकडे एकाच मतदानातून अनेक जागा भरतात, आणि कोट्यावरची मतं वाया जात नाहीत, ती पुढच्या पसंतीकडे सरकतात. तळाच्या उमेदवाराला बाद केलं की त्याच्याही पत्रिका तशाच पुढे जातात. ही रीत कुणी शोधली ठाऊक नाही, पण माणसाचा स्वभाव त्याला पुरता माहीत असावा. पहिल्या मताने माणूस उपकार करतो, दुसऱ्या मताने खरं बोलतो.

रविवारी शेमीची जादा मतं वाटली गेली आणि उना तळातून वर उठली. मग एकेक उमेदवार बाद होत गेला, आणि ज्याच्या त्याच्या पत्रिकेवर दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या जागी तीच. दुपारपर्यंत एक जागा आणि दोन माणसं उरली, उना आणि ड्रमकॅरनचा एक घर-जमिनींचा लिलावदार. त्याने विजयाचा नवा सूट घातला होता. पॅकी विरोधी पक्षाचा, तरी माझ्यावर बोटांनी ताल धरून पुटपुटत होता, "सरक गं बाई, सरक."

फिनोलाबाईंनी शेवटची फेरी वाचली. कोटा गाठला नाही, पण लिलावदारापेक्षा पुढे, म्हणून उना हॅनिफी विजयी.

मॉसीने डबा टाकला, तिला खांद्यावर घेतलं आणि थेट माझ्यावर आदळला. त्याच्यामागे कोरनाला आदळलं. माझी मधली फळी कडाडली. मला दुःख झालं नाही. इतक्या आनंदाने आजवर मला कुणी मोडलं नव्हतं.

शेमी संध्याकाळी आला, बुटाला शेण लागलेलं. आपण निवडून आलो हे ऐकून त्याने टोपी काढली आणि काय बोलायचं ते विसरला.

त्याच महिन्यात परिषदेची वार्षिक सभा भरली. सदस्यांनी आपल्यातून वर्षभरासाठी अध्यक्ष निवडला, त्याच्या गळ्यात साखळी घातली, फोटो झाले. मग सदस्य आपापल्या विभागांच्या बैठकांना लागले. बाहेरच्यांना वाटतं, परिषद म्हणजे हे सदस्य. पण कारभार मुख्याधिकाऱ्यांकडे असतो आणि त्यांना कुणी निवडून दिलेलं नसतं. निवडून आलेले धोरण आणि अंदाजपत्रक ठरवतात, न निवडलेले ते अमलात आणतात, आणि खड्डा पडला की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. खड्डा मधे असतो.

उनाचा पायवाटेचा ठराव एकमताने मंजूर झाला. लाजाळू शेमीने अनुमोदन दिलं, चार शब्दांत. मुख्याधिकारी कॉस्टिगन साहेब म्हणाले की आराखडा होईल, हरकती मागवू, मग निधीसाठी राजधानीत, डब्लिनला, अर्ज जाईल.

"तोवर पोरांनी कुठून चालायचं?" उनाने विचारलं.

"तोवर तात्पुरती व्यवस्था करता येईल."

"तात्पुरतं काय आहे तुमच्याकडे?"

आवारात मी होतो, मोडका. पुढच्या मोजणीला भाड्याचे लोखंडी कठडे येणार असं ठरलं होतं आणि माझी जळाऊ लाकडांत नोंद व्हायची होती. क्रिस्टीने नवी फळी ठोकली, आणि मला कोरनालाच्या वळणावर, रस्ता आणि गवताच्या पट्टीच्या मधे रोवलं. पोरं आत, गाड्या बाहेर. काम तेच.

मला पांढरा रंग मॉसीने दिला. दुसरा हातही त्यानेच दिला. उना दुकानाच्या दारातून त्याच्यावर नजर ठेवून होती आणि म्हणाली, खालच्या बाजूलाही दे, तिथे कुणी बघत नाही म्हणून सोडू नकोस. त्याने निमूटपणे वाकून दिला.

आता पोरं ओले हातमोजे माझ्यावर वाळत घालतात. शाळा सुटायच्या वेळी पॅकी नातीला न्यायला येतो आणि कोपर टेकतो. जुन्या सवयीने जाणाऱ्या गाड्यांच्या रेघा ओढतो आणि कुठली गाडी कुणाला मत देईल ते सांगतो. उंची त्याला बरोबर बसते.

माझं मागणं एवढंच. पायवाट झाली तरी मला इथेच राहू द्यावं. फक्त पाच वर्षांतून एकदा, मोजणीच्या शनिवारी-रविवारी, क्रीडागृहात न्यावं आणि सोमवारी शाळा भरायच्या आत परत आणावं.

पायवाटेचा अर्ज डब्लिनला गेला आहे. माझा अर्ज उनाने रस्ते विभागात तोंडी मांडला आहे. विभागाने ऐकून घेतलं. दोन्ही अर्ज प्रलंबित आहेत.