राळेचा वास

"आई, परत खोकला?" व्हायोलिनचा गज तारांवरून उचलत उर्वीने बाहेरच्या खोलीतून विचारलं.

"फोडणीचा ठसका लागला गं. तू वाजव."

गॅस केव्हाच बंद केलेला होता. सरोज ओढणी तोंडावर दाबून, ओट्याला धरून उभी राहिली. छातीत शिट्ट्या वाजत होत्या. दोन वर्षांपूर्वी वाजायच्या, अगदी तशाच.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत, पंपांची कंट्रोल कार्डं बनवणाऱ्या एका कारखान्यात तिने बावीस वर्षं सोल्डरिंग केलं होतं. तिचा जोड कधी सुटला नाही. नव्या मुली आल्या की सुपरवायझर तिच्या हातचं कार्ड त्यांना दाखवायचा. मग हा खोकला लागला. "सोल्डरच्या तारेच्या पोटात राळ असते, पाइनच्या झाडाचा चीक," डॉक्टर म्हणाले होते. "तिचा धूर तुम्हाला सोसत नाही. काम सोडा." तिने काम सोडलं. महिन्याभरात खोकला गेला, पण सकाळी साडेसात वाजले की हात अस्वस्थ व्हायचे. ते अजून होत होते.

उर्वी आंघोळीला गेल्यावर सरोजने व्हायोलिनची पेटी उघडली. कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेला एक खडा होता, मधाच्या रंगाचा, गज घासून घासून मध्ये खोल गेलेला. तिने तो नाकाजवळ नेला. कारखान्यातलाच वास. तिने तो लगेच गुंडाळून जागच्या जागी ठेवला.

त्या दिवसापासून उर्वी वाजवायला बसली की सरोज पिशवी घेऊन बाहेर पडू लागली. कधी भाजी, कधी मंदिर. खरं तर सोसायटीच्या मागच्या बाकावर तासभर बसून राहायची. उर्वीची व्हायोलिनची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

एका संध्याकाळी खोपटच्या एसटी डेपोतली ड्यूटी संपवून तिचा नवरा प्रफुल्ल आला, तेव्हा ती त्याला तिथेच दिसली. तिच्या हातात श्वासाचा पंप होता.

"हे कधीपासून?"

तिने सगळं सांगितलं.

"मग पोरीला सांग की!"

"सांगितलं तर सोडेल ती. सोडून काय होतं ते मला माहितीये."

प्रफुल्ल शेजारी बसला. म्हणाला, "तिला काय वाटतं माहितीये? आईला माझं वाजवणं ऐकवत नाही, म्हणून आई उठून जाते. काल रडत होती."

सरोज तशीच उठून वर गेली. उर्वी पेटी बंद करत होती.

"तो खडा दाखव," सरोज म्हणाली.

"रोझिन? का?"

"त्याला राळ म्हणतात. कारखान्यात मला याचाच त्रास झाला होता." मग तिने पहिल्या ठसक्यापासून सगळं सांगितलं. उर्वीचा चेहरा पडला. तिने पेटी पलंगाखाली सरकवली.

"नको मला परीक्षा."

"बाहेर काढ ती."

"आई, तुला श्वास लागतो!"

"इथे बसले तर लागतो. खाली नाही लागत." सरोजने स्वतःच वाकून पेटी ओढून काढली. "या राळेऐवजी दुसरं काही चालतं का, व्हायोलिनच्या सरांना विचार. तोवर खिडकी उघडी ठेवून वाजव. मला ऐकायचंय. इतके दिवस नीट ऐकताच आलं नाही, सगळा जीव श्वासात."

दुसऱ्या दिवशी ती पिशवी न घेता खाली उतरली. वरून सूर आले, एका जागी अडखळले, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. तळमजल्यावरची कल्पिता दोरीवरचे कपडे काढायला बाहेर आली होती. तिने वर पाहिलं.

"कोणाचा गं टीव्ही एवढ्या मोठ्याने?"

"टीव्ही नाही," सरोज म्हणाली. "आमची उर्वी आहे." आणि बाकावर सरकून तिने कल्पिताला बसायला जागा केली.