बारा महिने गुणिले सहा

"आकडा बघण्याआधी वर्ष बघ, पोरी," असं मला म्हाताऱ्या मोजणीवाल्याने सांगितलं होतं. तेलविहिरींच्या टाक्यांत काठी बुडवून तेल मोजण्यात त्याची हयात गेली होती, आणि त्या दिवशी तो माझ्या लेकीला बघायला आला होता. लेक तीन आठवड्यांची, मी अर्धवट झोपेत. "काका, हिशेबाचीच पदवी आहे माझी," मी म्हणाले आणि तिचं दुपटं बदलायला उठले. चहा अर्धा टाकून तो निघून गेला.

तो आकडा आमच्या घरच्या कंपनीचा होता. आजोबांनी जमीन विकली, पण खालच्या तेलावरचा हक्क राखला आणि त्याची छोटी कंपनी केली. ती काही खणत नाही. तेल दुसरे काढतात, विक्रीतला ठरलेला हिस्सा आपल्याला रॉयल्टी म्हणून येतो. आजोबांमागे तीन सारखे वाटे झाले: आईचा, मामाचा, धाकट्या मावशीचा.

मामाला आईचा वाटा हवा होता. आमच्याच टेबलाशी बसून, आमचीच बिस्किटं खात तो म्हणाला, "बाजारात असंच करतात, ताई. गेल्या बारा महिन्यांत हातात आलेला पैसा घ्यायचा आणि चाराने गुणायचं. विचार तुझ्या कॉलेजवालीला."

आईने विचारलं. तीन लाख गुणिले चार, बारा लाख. मी गुणाकार तपासला आणि मान डोलावली. "यंदा फारच कमी आलं ग," आई हळूच म्हणाली. "तेल आटत असेल," मी म्हटलं.

तेल आटलं नव्हतं, हे मागाहून कळलं. त्या बारातले आठ महिने विहिरी दुरुस्तीसाठी बंद होत्या. एरवी वाट्याला वर्षाचे दहा लाख यायचे. मामाला ते ठाऊक होतं, कारण कंपनीची पत्रं त्याच्याच घरी जायची. आईची सही झाली आणि दोन महिन्यांत विहिरी सुरू झाल्या. सव्वा वर्षात मामाचे बारा लाख वसूल.

साठीची आई सकाळी सहाला लॉन्ड्रीत इस्त्रीला जायला लागली. मला एका शब्दाने बोलली नाही. उलट म्हणाली, "ओली बाळंतीण तू, तुझं लक्ष कुठे असणार." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लेकीचा श्वास चालू आहे ना हे मी दहादा बघत होते, गॅस बंद आहे का हे पाचदा, आणि आईची आयुष्यभराची मिळकत एकदाही नीट बघितली नाही. त्या दिवसापासून मी मामावर डूख धरला.

आधी मावशीला सांगून कंपनीच्या पत्रांची प्रत तिच्या पत्त्यावर मागवून घेतली. मग वाट बघितली. पुढे तेल काढणाऱ्यांनी नव्या पद्धतीच्या विहिरी खणल्या आणि पैसा धो धो आला. मावशीच्या वाट्याला बारा महिन्यांत चाळीस लाख. जुन्या विहिरी म्हाताऱ्या बैलासारख्या, चाळीस वर्षं एकाच चालीने चालल्या. नव्या मात्र सोड्याच्या बाटलीसारख्या. झाकण उघडलं की उसळतात आणि मग बसतात. पत्राच्या अकराव्या पानावर आलेख होता: येत्या वर्षाअखेर उत्पादन पाव हिश्श्यावर येईल. मामा पहिलं पान वाचतो, जिथे रक्कम असते.

अपेक्षेप्रमाणे त्याला मावशीचा वाटा हवासा झाला. आधीची कमाई त्याने घराच्या संगमरवरी जिन्यात घातली होती. तो जिना चढून मी, मावशी आणि तिचा वकील वर गेलो.

"मावशीला विकायचं नाही," मी म्हटलं.

"का ग? तुझ्या आईने नाही विकलं?"

"आईला तू चाराने गुणून दिलंस."

"बरं बाई, पाच."

"सहा. आणि गेल्या बारा महिन्यांचाच आकडा. नियम तुझाच आहे, मामा."

तो खदाखदा हसला. "लेकरू झाल्यावर अक्कल येते म्हणतात ते खोटं नाही. सहा वर्षांत फिटलं, सातव्यापासून फुकट."

"पत्र सगळं वाचलंस ना?" मावशीच्या वकिलासमोर मी मुद्दाम विचारलं.

"अग, मी तेलात जन्मलो. तू मला वाचायला शिकव."

दोन कोटी चाळीस लाख. त्यासाठी बँकेला घर तारण हवं होतं, आणि घर मामीच्या नावावर. तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. कडेवरच्या माझ्या लेकीच्या हातात खारी दिली आणि म्हणाली, "सही करू ना ग? मला यातलं काही कळत नाही. तू शिकलेली."

"मामाला विचार," मी म्हटलं.

पैसे आल्यावर मावशीने निम्मे आईच्या नावावर ठेवले. आई आता सातपर्यंत झोपते. दर महिन्याचं पत्र मी चवीने वाचत गेले. वर्ष संपता संपता चाळीसाचे अकरा झाले. मामाचे तिन्ही वाटे मिळून वर्षाला जेवढं येणार, त्याहून बँकेचा हप्ता मोठा.

त्याचा फोन आला. "तुला माहीत होतं."

"अकराव्या पानावर होतं."

"सख्ख्या मामाचा गळा कापलास."

"मी फक्त गुणाकार तपासला, मामा." हे वाक्य मी तीन वर्षं जपून ठेवलं होतं. फोन ठेवला आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवले. अजूनही मला त्याची दया येत नाही.

नंतर मामीचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत. आता नऊ दिवस तिचा फोन बंद आहे. मामा पैशांच्या खटपटीत परगावी गेलाय म्हणतात, म्हणजे घरात ती एकटी, मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घ्यायला दुसऱ्याने आठवण करून द्यावी लागणारी. दोनदा मी त्यांच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. "तुला माहीत होतं का ग?" असं तिने विचारलं, तर तिला अकरावं पान सांगायची माझी छाती नाही.

तुम्ही त्या बाजूला जात असाल तर संगमरवरी जिन्याचं घर लगेच सापडेल, दारावर बँकेचा कागद आहे. दार वाजवा. मामाने उघडलं तर पत्ता चुकला म्हणा आणि निघा. मामीने उघडलं तर जरा थांबा, जेवली का विचारा, गोळी घेतली का विचारा. मी पाठवलं म्हणून सांगू नका. आणि कुणीच उघडलं नाही, तर शेजाऱ्यांना हाक मारा. तिथून हलू नका.