गुरुवारचा केक

संचिताबाईंना हौस भारी. आंबिवलीच्या दुसऱ्या बालवाड्यांत पोरांकडून मुळाक्षरं घोकून घेतात आणि वेळ झाली की घरी पिटाळतात. यांना मात्र डिसेंबर लागला की ‘थंडीचे सण’ शिकवायचे असतात, तेही ज्यांच्या घरचा सण त्यांनीच येऊन दाखवायचा. शहाडहून एका मुलाचे सिंधी आजोबा येऊन लाल लोईच्या सणाला शेकोटी कशी पेटवतात ते सांगून गेले. राहिला होता नाताळ, आणि तो एकट्या एस्तेरच्या घरचा.

एस्तेर चार वर्षांची. जूनपासून दिवाळीपर्यंत ही पोर वर्गात चकार शब्द बोलली नव्हती. आता कुठे देवेशच्या शेजारी बसून कुजबुजायला लागली होती. तिच्या घरचं काहीतरी सगळ्यांनी आवडीने घेतलं, तर ती वर्गात रुळेल, एवढीच संचिताबाईंची आशा होती.

“मी केक अंड्याचाच करते, चालेल ना बाई?” एस्तेरच्या आईने, मार्थाने, विचारलं होतं.

“न चालायला काय झालं? डब्यात ऑम्लेट-पाव आणतात कार्टी!”

खरंच आणतात. पण मार्था केक घेऊन आली तो गुरुवार होता, मार्गशीर्षातला शेवटचा. त्या दिवशी गावात कुणी अंड्याला हात लावत नाही, हे मार्थाला कुठून माहीत असणार? संचिताबाईंना मात्र माहीत होतं. त्या स्वतः सकाळी कलश मांडून, उपास धरून आल्या होत्या. उपास म्हणून त्यांनी केकचा कणही तोंडात टाकला नाही, आणि पोरांना स्वतःच्या हाताने वाटला! स्वतःच्या पोटाचा गुरुवार लक्षात राहिला, पोरांच्या पोटाचा नाही. काय म्हणावं या बाईला? एस्तेर तेवढी प्रत्येकाला विचारत फिरत होती, “आवडला?”

देवेश घरी गेला आणि त्याच हातांनी कलशावरचं फूल ओढलं. “काय खाल्लंस रे?” आजीने, गोदूबाईंनी, विचारलं, आणि त्याने आनंदाने सगळं सांगितलं. संध्याकाळी उद्यापनाला सवाशिणी यायच्या होत्या. गोदूबाईंनी त्याआधीच बाटलेला कलश हलवला आणि रडत बसल्या. ते रडणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत पोरांच्या आया-आज्या जमल्या. मार्था एस्तेरला कडेवर घेऊन दाराशी उभी होती.

“चूक माझी आहे,” संचिताबाई म्हणाल्या. “तिने मला विचारलं होतं. मीच हो म्हटलं.”

गोदूबाईंनी मान हलवली. “नाय गो बाय. तू सोता गुरवार धरतेस. तू कशी इसरशील? तिला वाचवाला बोलतेस तू.”

“अहो, खरंच विसरले मी! देवाशपथ!”

“देवाला नको मधी आनू. आमचा नाताळाला इरोध नाय. पन हिनं आमाला बाटवलं.”

दोन-तीन माना डोलल्या. संचिताबाईंनी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, शेवटी रडल्या. जितक्या रडल्या तितक्या बायका त्यांनाच समजावायला लागल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर गळा काढून कबुली देतोय तरी कुणी ऐकायला तयार नाही! मार्था एस्तेरला घेऊन निघून गेली.

एस्तेर आठवडाभर आली नाही, तेव्हा संचिताबाई तिच्या घरी गेल्या. मार्थाने खुर्ची दिली, रागावली मात्र नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“पाठवा हो तिला,” संचिताबाई म्हणाल्या. “मी बघते सगळ्यांकडे.”

“तुम्ही बघितलंत की, बाई,” मार्था शांतपणे म्हणाली. मग आत वळून म्हणाली, “एस्तेर, बाईंना पाणी आण गं.”

एस्तेर आली ती रिकाम्या हातांनी. हात पाठीमागे घट्ट धरलेले.

“मम्मी, तू दे,” ती म्हणाली. “माझा हात लागेल.”