लाली नाही

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला बेडसोअरचा धडा बाईच शिकवायच्या, आणि बावीस वर्षांत त्यातला शब्दसुद्धा बदलला नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं माकडहाड, टाचा, खांदे रोज बघायचे. कातडी लाल दिसली की समजायचं, इथे आता जखम होणार. लगेच कूस बदलायची. पोरी मान डोलवत लिहून घ्यायच्या आणि परीक्षेत जसंच्या तसं उतरवून पास व्हायच्या.

त्या वर्षी तीस मुलींत एकच काळ्या कातडीची होती. तिचे पणजोबा गिरणीत कामाला आले होते, तेव्हापासून घराणं त्याच गावात होतं, तरी गिरणीमागच्या वस्तीतल्या सगळ्यांना गाव अजून ‘बाहेरचे’च म्हणायचं. वर्गात तिचं नाव पडलं होतं शंका, कारण तिचा हात सतत वर असायचा.

“मॅडम, माझ्या कातडीवर लाल कसं दिसेल?”

वर्ग खिदळला. बाईंनाही हसू आलं. “दिसेल गं. नीट बघितलं की सगळं दिसतं,” म्हणून त्यांनी पुढचं पान उलटलं.

दोन आठवड्यांनी त्याच मुली वॉर्डात आल्या. अकरा नंबरच्या खाटेवर गिरणीतून निवृत्त झालेला एक म्हातारा होता. आयुष्यभर बॉयलरवर काम केलेला माणूस, खुब्याचं हाड मोडून पडला होता. तोही वस्तीतलाच. शंका त्याचं अंग पुसत होती, ती मध्येच थांबून बाईंकडे आली.

“मॅडम, आजोबांच्या माकडहाडापाशी गरम लागतंय. कडकही झालंय. दुखतं म्हणतात.”

बाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. शंकाने म्हाताऱ्याला कुशीवर वळवलं.

“कुठे लाल आहे? दाखव.”

“लाल नाहीये. पण...”

“नाही ना? मग झालं. अगं, यांची कातडी मुळातच जाड असते. आणि दोन आणे दुखलं तर रुपयाभर सांगायची सवय.”

हे बाई म्हाताऱ्याच्या देखतच बोलल्या. रागाने नाही, एखादी साधी माहिती द्यावी तसं. मग तक्त्यावर ‘लाली नाही’ लिहून खाली सही ठोकली. शंकाने म्हाताऱ्याची चादर नीट केली आणि बादली उचलून गेली.

चौथ्या दिवशी कातडी फाटली. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने बाईंना बोलावून घेतलं. जखम आतून केव्हाच सडत आलेली होती, अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. म्हाताऱ्याला ताप भरला होता. त्याची मुलगी कारखान्यात गणवेश शिवायची. ती कामावरून तशीच धावत आली होती, ओढणीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले.

“माझे वडील चार दिवस सांगत होते,” ती म्हणाली. “तुम्ही काय लिहिलंत ते वाचून दाखवा.”

बाईंनी वाचलं. “लाली नाही.” आणि घाईने म्हणाल्या, “खरंच नव्हती हो.”

“आमच्यात कुणाला येते लाली? एक माणूस दाखवा मला.”

मुलीने त्याच दुपारी ऑफिसात तक्रार दिली.

रविवारी बाईंचं घरात कशातच मन लागेना. कणीक मळायला घेतली आणि अर्धवट ठेवली. खुर्चीत बसल्या की उठत, उठल्या की खिडकीपाशी जात. स्वतःच्या दंडावर अंगठा दाबून बघत. पांढरं, मग लाल. पुन्हा पांढरं, पुन्हा लाल.

नवरा जमीन मोजणी खात्यात होता. तो शेवटी वैतागून म्हणाला, “अगं, पुस्तकात होतं तेच केलंस ना? मग एवढा जीव का खातेस?”

“तेच तर, अहो. पुस्तकात काय होतं ते कधी बघितलंच नाही मी.”

कपाटातली सगळी पुस्तकं त्यांनी जमिनीवर काढली. बेडसोअरची एकेचाळीस चित्रं निघाली. एकेचाळीसच्या एकेचाळीस गोऱ्या पाठी. आणि ‘कातडी जाड असते’ हे तर कुठेच नव्हतं. ते बाईंना त्यांच्या शिक्षिकेने असंच एकदा खाटेशी उभं राहून सांगितलं होतं. बाईंनी ते पुढे सांगितलं होतं. वर्षाला तीस मुली म्हणजे सहाशेच्या वर झाल्या, आणि त्या सहाशे जणी आज कुठल्या कुठल्या खाटांशी उभ्या होत्या. बाई पुस्तकांच्या मधोमध तशाच बसून राहिल्या.

सोमवारी त्यांनी शंकाला चादरींच्या खोलीत गाठलं.

“तुला कळलं, मला नाही कळलं. कसं ओळखलंस ते मला शिकव.”

शंकाने हातातल्या घड्या खाली ठेवल्या नाहीत. “मी काय शिकवणार, मॅडम? मी पहिल्या वर्षाला आहे.” मग म्हणाली, “मी हात लावला होता. तुम्ही नव्हता लावला.”

ते खरं होतं. बाईंचे कान तापले. त्या तिथून थेट अकरा नंबरकडे गेल्या. म्हाताऱ्याचा ताप उतरला होता. बाईंनी माफी मागितली, आणि चाचरत विचारलं, मुलींना आणू का, ज्यांना हे कुणी दाखवलंच नाही त्यांना?

“ओरडत होतो तेव्हा त्या एका पोरीशिवाय कुणी फिरकली नाही,” म्हातारा म्हणाला. “आता तीस जणी! बॉयलर बघायलासुद्धा एवढी गर्दी नव्हती झाली कधी.” मग त्याचं हसू गेलं. “आणा. पण आधी तुम्ही बोललात ते मागे घ्यायचं. त्यांच्यासमोर.”

दुसऱ्या दिवशी तीस मुली खाटेभोवती दाटीवाटीने उभ्या राहिल्या. बाई म्हणाल्या,

“या आजोबांची कातडी जाड आहे, असं मी म्हटलं होतं. ते खोटं आहे. यांना तुमच्या-माझ्याइतकंच दुखतं. मी बघितलं नाही, हात लावला नाही आणि वर सही केली. वहीतला तो धडा खोडा.”

मागून एक मुलगी कुजबुजली, “मग परीक्षेत काय लिहायचं?” कुणी हसलं नाही. बाईंनी एकेकीचा हात धरून, हाताची पालथी बाजू त्या माणसाच्या टाचेला, खांद्याला लावायला शिकवली. गरम कुठे, गार कुठे, कडक कुठे. “आणि दुखतं का ते विचारायचं,” म्हणाल्या. “सांगतील त्यावर विश्वास ठेवायचा.” दोन मुलींनी पटकन लावून हात मागे घेतला, एकीने तर एप्रनला पुसला. बाईंनी तिला परत बोलावलं आणि पुन्हा लावायला लावला.

जखम भरायला चार महिने लागले. म्हातारा काठी टेकत घरी गेला. त्याच्या मुलीने तक्रार मागे घेतली नाही. चौकशीत बाईंनी सगळं कबूल केलं, त्यांच्या सेवापुस्तकात शेरा आला आणि बढती अडकली. नवरा म्हणाला, अपील कर. त्यांनी केलं नाही. परीक्षा मंडळाला त्यांनी धडा बदला म्हणून तीन पत्रं लिहिली, उत्तर एकच आलं, सूचना विचाराधीन आहे. शंका दुसऱ्या वर्षाला गेली. जिन्यात दिसली तर “नमस्कार, मॅडम” म्हणायची, त्याहून जास्त नाही. बाईंनी जास्त अपेक्षाही धरली नाही.

मग त्यांनी जुनी हजेरीपत्रकं काढून पत्रं लिहायला घेतली, प्रत्येक मुलीला वेगळं, हाताने. एकीने उलट टपाली सुनावलं, आम्हाला चुकीचं शिकवलंत तर आता आम्ही काय करायचं? बऱ्याच जणींनी उत्तर दिलं नाही. एका दुपारी दूरच्या कुठल्याशा दवाखान्यातून फोन आला. पंधरा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी होती, आता वॉर्डाची प्रमुख.

“मॅडम, तुमचं पत्र काल मिळालं. आज सकाळी एका बाईंच्या टाचेला हात लावून बघितला. मला वाटतं, वेळेत सापडलं.”

बाईंनी उशी कुठे द्यायची ते सांगितलं, दोनदा सांगितलं आणि फोन ठेवला. टेबलावर पत्ता न सापडल्याने परत आलेली साठ-सत्तर पाकिटं पडली होती. बाईंनी वरचं उचललं, नाव वाचलं आणि नवा पत्ता विचारायला या मुलीची मैत्रीण कोण होती, ते आठवायला लागल्या.