वर्षाला एक गडी

बाबू ओव्हाळ माणसं पारखायचा कुठं, तर पाण्यापाशी. तुम्ही म्हणाल, कबड्डीचा गडी निवडायचा तर मैदानावर जावं, मॅची बघाव्यात, पंचांना विचारावं. अहो, ती मोठ्या लोकांची चैन! ज्यांच्याकडं द्यायला कायमच्या नोकऱ्या असतात, ते तयार गडी उचलतात. जळकोटजवळच्या हमरस्त्यावरच्या ह्या सहकारी साखर कारखान्याकडं काय होतं? तीन वर्षांतून एकदा ऊस नाही, धुराडं थंड, आणि द्यायला फक्त रोजंदारी. असल्या कारखान्यानं तयार गडी मागायला जाणं म्हणजे नुसतं हसं करून घेणं.

म्हणून बाबू जायचा दुष्काळी कामांवर. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, खडी फोडणं, जिथं चारशे-पाचशे माणसं उन्हात तळत असतील तिथं. सकाळी कोण किती दगड फोडतो इकडं तो बघायचाही नाही. बाभळीखाली बसून राहायचा. दुपारी बैलगाडीवरून पाण्याचं टिपाड आलं आणि "पाणी आलं!" अशी हाक उठली, की ह्याचे डोळे उघडायचे. हाक संपायच्या आत जो उठला, तो चढाईचा गडी. सगळे सरळ घुसत असताना जो गर्दीला वळसा घालून गाडीच्या चाकापाशी निघाला, तो त्याहून भारी चढाईचा. धक्के खाऊन ज्याचं पाऊल हललं नाही, तो कोपऱ्यात उभा करायचा. बाबू वहीत नाव टिपायचा आणि संध्याकाळी त्याच्या झोपडीवर जाऊन बसायचा.

बिरू त्याला असाच सापडला. धनगराचं पोरगं, वीस वर्षांचं, अंगानं काटकुळं. रांगेत खाली बसलं होतं. एक दांडगा गडी रांग मोडून पुढं घुसला, तशी ह्या पठ्ठ्यानं बसल्या जागेवरून त्याचा घोटा धरला. तो दांडगा शिव्या देतोय, फरफटतोय, पण घोटा काही सुटेना. बाबूला इतका आनंद झाला की तो उठून उभाच राहिला. पुढं चार वर्षं जिल्ह्यात बिरूच्या हातातून सुटलेले घोटे बोटांवर मोजता आले असते.

जिल्ह्यातल्या सहकारी संस्थांच्या कबड्डीच्या मॅची दरसाल परंड्याला, किल्ल्याजवळच्या माळावर व्हायच्या. नऊ संघ. कारखाने, सूतगिरणी, दूध संघ, बँक असे. त्यात आपला कारखाना पाचवा नाहीतर सहावा. वर जायचं नाही आणि पार तळालाही जायचं नाही, मधल्यामध्ये लोंबकळायचं. बाबू आला आणि संघ चौथा झाला, तिसरा झाला, दोनदा तर दुसरा! परंड्याच्या हॉटेलांतून लोक म्हणायला लागले, "ह्या बाबूनं काय जादू केली राव?"

जादू कसली! नुसता हिशेबीपणा होता. चांगला गडी तयार झाला की त्याला मुंबई-पुण्याहून बोलावणं येणार, हे बाबूनं पहिल्या दिवशी ओळखलं होतं. त्याला दोरीनं बांधून ठेवता येत नाही. मग काय करायचं? तो जायच्या आधी त्याच्या जागेवर कोण, ते हेरून ठेवायचं, दोन वर्षं घासूनपुसून तयार करायचं. आणि एकदम तीन-चार गडी गेले तर संघ उघडा पडतो, म्हणून बाबूनंच चेअरमन नानासाहेबांच्या कानावर घातलं, "वर्षाला एकच गडी सोडायचा. पण शबूद दिलेला गडी अडवायचा न्हाय." नानासाहेबांनी तसा ठरावच करून घेतला. वर्षाला एकच नाहरकत पत्र. ते ज्याच्या नावचं निघेल तो सुटला, बाकीच्यांनी थांबायचं. गडी थांबायचे, कारण आज ना उद्या आपलंही पत्र निघणार हे त्यांना ठाऊक होतं. पाच वर्षांत पाच जण सुटले. कुणी रेल्वेत, कुणी पोलिसांत.

आणि बाबू? बाबू दहा वर्षं रोजंदारीवर. कारखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीत तो आणि त्याची बायको पुतळाबाई. नानासाहेब दर हंगामाला म्हणायचे, "पुढल्या टायमाला तुला कायम करू." दहा हंगाम गेले, त्यांतले चार तर कोरडेच. पुतळाबाई पहाटेपासून हापशापाशी घागरींची रांग धरायची. तिला आयुष्यात दुसरं काही नको होतं. घरात नळ पाहिजे होता.

त्यात ब्याऐंशी साली उन्हाळ्याच्या तोंडाशी सोलापूरच्या एका गिरणीचं पत्र आलं. त्यांच्या संघाला शिकवणारा माणूस हवा होता. कायमची नोकरी, दोन खोल्यांचं क्वार्टर, आत नळ. जुन्या संस्थेचं नाहरकत पत्र घेऊन पंधरा दिवसांत हजर व्हा, नाहीतर दुसरा माणूस घेऊ. बाबूनं पत्र वाचून दाखवलं. पुतळाबाई म्हणाली, "नळाचं पुन्ना वाचा." त्यानं पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला तर निम्मी भांडी पोत्यात भरलेली.

"अगं, आजून सही व्हायचीय."

"व्हतीया की. धा वर्सं राबलाव. त्येंनी काय न्हाय म्हनावं?"

नानासाहेब नाही म्हणाले नाहीत. ते कधीच कुणाला नाही म्हणत नसत, आवाजसुद्धा चढवत नसत. माणूस वाईट म्हणावा तर तसाही नाही, हीच तर पंचाईत होती! त्यांनी पत्र वाचलं, सुपारीचं खांड गालात सारलं आणि म्हणाले, "लई चांगलं झालं बाबू. छाती भरून आली बघ. पर ह्या वर्षी बिरूला शबूद दिलाय न्हवं का?"

बिरूला मुंबईच्या बँकेनं बोलावलं होतं. पंचविसाच्या आतला गडी पाहिजे होता आणि बिरूला ह्या श्रावणात पंचवीस पुरी होत होती. शब्द बाबूनंच दिला होता, बिरूच्या आईसमोर.

"त्यो ठराव गड्यांसाठी हाय, नानासाहेब. म्या कुठं गडी हाय?"

"मग कोन हाईस?" नानासाहेबांनी अगदी मायेनं विचारलं. "तू बी आमचा गडीच की."

बाबूला तो शब्द चावला. त्याचा बाप सास्तूरला एका पाटलाच्या घरी जन्मभर सालगडी होता. लोक बापाचं नावसुद्धा घेत नसत, पाटलाचा गडी म्हणत. ते ऐकू नये म्हणून तर बाबू गाव सोडून निघाला होता. आणि बाप निदान पाडव्याला, साल संपलं की तरी सुटायचा, निदान तेवढ्या दिवसापुरता तरी कुणाचा नसायचा. बाबूला कसला पाडवा?

"दोघांची पत्रं द्या नानासाहेब. एक डाव ठराव बाजूला ठिवा."

"आन् मग बाकीचे दहा जन उद्या माज्या दारात. समद्यांना सोडू? ठराव तुजाच हाय बाबू, तूच शिकिवलंस." त्यांनी ड्रॉवरमधून छापील कागद काढला, खाली सही ठोकली, नावाची जागा कोरी ठेवली आणि कागद बाबूपुढं सरकवला. "नाव तूच घाल. तुजं घातलंस तरी म्या तोंडातनं शबूद काडनार न्हाय."

काय माणूस आहे बघा! नाही म्हणाले असते तर बाबू भांडला असता, बोंब मारली असती, चार लोक गोळा केले असते. आता भांडायचं कुणाशी? कागद घेऊन तो ऑफिसच्या व्हरांड्यात बाकावर बसला. समोर कारखान्याचं कोरडं आवार, लोखंडी फाटक, फाटकाबाहेर हमरस्ता. सोलापूरच्या एसट्या धुरळा उडवत जात होत्या. बाबूनं गुडघ्यावर वही ठेवली, वहीवर कागद ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि ब काढला.

ब काढला आणि थांबला. दोघांचीही नावं ब नंच सुरू होत होती. काना दिला की बाबू, वेलांटी दिली की बिरू. एवढीशी रेघ! दहा वर्षं त्यानं कोण कुठं उभा राहावा ते चुटकीसरशी ठरवलं होतं, आणि आता एका रेघेला त्याचा हात थिजला. नळ डोळ्यांपुढं आला. पोत्यात भरलेली भांडी आली. मनात म्हणाला, काना देऊन टाक की लेका! पाच जणांना बाहेर काढलंस, सहावा तू. कोण तुला नावं ठेवणार आहे?

तेवढ्यात बिरू सायकलवरून आला. सोलापूरच्या पत्राचा त्याला पत्ताच नव्हता. घामानं भिजलेला, तोंडभर हसत.

"बाबूदादा, तुमाला सांगायचंच ऱ्हायलं. आईनं ट्रंक आनली. पत्र्याची, निळी. वर पेंटरकडनं नाव घालून घेतलं, बिरू धनगर, मुंबई. म्या म्हनलं, आगं पत्र तर निघू दी! तर म्हनती, बाबूचा शबूद हाय, पत्र निघाल्यातच जमा."

बाबूनं कागद हातानं झाकला. "व्हय," म्हणाला. "निघालंच समज."

बिरू गेला. बाबूनं वेलांटी दिली. पुढचा रू त्यानं इतका दाबून लिहिला की कागदाला भोक पडायचं राहिलं.

आत जाऊन त्यानं कागद टेबलावर ठेवला. नानासाहेबांनी नाव वाचलं आणि हसले. कुत्सित हसले असते तर बाबूला बरं वाटलं असतं. ते अगदी मनापासून, खूश होऊन हसले, घोटा धरलेल्या बिरूला बघून बाबू खूश झाला होता तसे.

"म्हाईत व्हतं मला."

"काय म्हाईत व्हतं?"

"बहात्तर साली तू नळदुर्गाच्या रस्त्यावर खडी फोडत व्हतास. म्या बगायला आल्तो काम. टिपाड आलं, समदी पळाली. तुमच्या लोकांना शेवटाला पानी वाडायचे, वरनं ओंजळीत. तू तासभर हुबा व्हतास. तुजी पाळी आली, आन् मागनं एक म्हातारी आली, तर तू बाजूला झालास. तिला पाजलं. तवर टिपाड सपलं." नानासाहेबांनी कागदाची घडी घातली. "तवाच म्हनलं, ह्यो मानूस घ्यायचा. ह्यो जल्मात आपल्याला सोडून जानार न्हाय. ह्येच्या फुडं कायम कुनीतरी म्हातारी हुबी ऱ्हानार. पान्यापाशी मानूस वळखायचा, ह्ये तुला वाटतं तू काडलंस? आरं, तुला मी तसाच टिपला व्हता."

बाबूनं वही उघडली. पुढल्या वर्षी चढाईचा गडी व्यंकट पत्राच्या रांगेत होता, त्याच्यानंतर सूतगिरणीतून टाकून दिलेला महालिंगप्पा. त्यांनाही बाबूनंच शब्द दिले होते. आपली पाळी कधी येणार हे त्याला त्याच्याच वहीत दिसत होतं. ती कुठंच नव्हती.

घरी पुतळाबाई दारातच उभी होती. तिनं त्याचं तोंड बघितलं आणि विचारलंच नाही. आत जाऊन पोतं उघडलं, एकेक भांडं काढून फळीवर मांडायला लागली. शेवटचा तांब्या मांडताना मात्र तिचा बांध फुटला.

"लोकांच्या आया ट्रंका घेत्यात तुमच्या जिवावर. माजी घागर कवा उतरनार वो?"

बाबूला रडू आलं. पण तिनं घागर उचलली, काखेला लावली आणि हापशाकडं निघून गेली.

बिरू सोमवारच्या एसटीनं गेला. डावा कोपरा रिकामा झाला. दोन वर्षं तयार केलेला गडी त्या जागेवर उभा राहिला, पण आता त्याच्यामागं कोण ते हेरायला हवं होतं. मंगळवारी बाबू वही घेऊन तलावाच्या कामावर गेला आणि बाभळीखाली बसला. दुपारी टिपाड आलं. हाक उठली, माणसं धावली. बाबूनं दोघांची नावं टिपली. तिसऱ्यावर त्याची नजर खिळली. तिशीचा, रुंद खांद्यांचा बाप्या, गर्दीत खांबासारखा घट्ट उभा. पोराला काखेत घेतलेली एक बाई पाठीमागून आली. त्या बाप्याची पाळी आली होती, ओंजळ पुढं केली होती. त्यानं मागं वळून बघितलं, ओंजळ खाली घेतली आणि बाजूला सरकला.

बाबूनं पेन उचललं होतं. असा गडी जिल्ह्यात शोधून सापडला नसता. असल्या माणसावर संघ दहा वर्षं उभा राहतो.

त्यानं पेन खाली ठेवलं. मग काय झालं त्याला कुणास ठाऊक, तो उठला आणि वही तिथंच टाकून गाडीकडं धावत सुटला. त्या माणसाचा दंड धरून त्याला टिपाडाकडं ढकलायला लागला.

"पी!" बाबू ओरडत होता. "आरं बाबा, आदी तू पी! रस्त्यावर जीप हुबी हाय, कुनीतरी बगतंय, तुला टिपून घील. पी म्हनतो ना!"